सातव्या महिन्याच्या ओटीबद्दल सुनेचा खुलासा

मु. पो. वालूर, ता. सेलू
गुरुवार, दि. १२ फेब्रुवारी १९८७

तीर्थस्वरूप सौ. आत्याबाई आणि ती. मामंजी यांच्या पायांवर सून रुख्मिणी हिने वालूरहून डोकं ठेवलं आहे, असं समजून आशीर्वाद द्यावा. (खरोखर वाकून नमस्कार करायला मला सध्या डॉक्टरीणबाईंची मनाई आहे. का, ते पुढं येईलच.) तुमच्या दोघांच्या तब्येती कशा आहेत? मामंजींचा उजवा गुडघा थंडीत धरत होता, तो सुटला का? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणावं, पण चिलीम ओढता ओढता बांधू नका. मागच्या वर्षी गुडघा राहिला बाजूला आणि धोतराला भोक पडलं. म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर रेडी की रेडा, ते तुम्ही कळवलं नाही. इकडे तुमचे चिरंजीव बरे आहेत, त्यांची शाळा बरी आहे, दोन्ही नाती बऱ्या आहेत. थोरली तेराच्या पाढ्यावर अडली आहे. धाकटी सव्वा वर्षाची झाली, ती कशावरच अडत नाही, त्यामुळं घरातलं एकही भांडं जागेवर सापडत नाही.

हे पत्र नेहमीप्रमाणं बन्सीधरकाका दुकान अर्धं लोटून चारठाण्यात तुमच्या ओट्यावर बसून वाचत असणार. काका, तुम्हालाही नमस्कार. तुम्ही गल्लीतली पत्रं वाचून दाखवता हे मोठंच पुण्य आहे, पण लग्नाची चिठ्ठी असो की दुखवट्याची, तुमचा आवाज एकच, आणि तो मारुतीच्या पारापर्यंत जातो. या पत्रात काही बायकांचं आहे. तेव्हा जिथं मी 'काका, मनात वाचा' असं लिहीन, तिथं तुम्ही मनात वाचावं. (मग ते आत्याबाईंना कसं कळणार, असं तुम्ही विचाराल. ते मलाही सुचलेलं नाही. तेवढ्या जागी कागद त्यांच्यापुढं नुसता धरा. काहीतरी नाजूक होतं एवढं कळलं तरी पुष्कळ.)

आत्याबाई, परवाच्या बसनं तुमचा निरोप पोचला. येत्या गुरुवारी तुम्ही अकरा बायका घेऊन माझी सातव्या महिन्याची ओटी भरायला येणार, हिरवं लुगडं जिंतूरहून आणलेलं आहे, चुडा भरायला कासाराला सांगून झालं आहे आणि वाट्यांचा खेळही करायचा आहे, असं समजलं. एका वाटीखाली पेढा, एका वाटीखाली बर्फी, सुनेनं वाटी उचलायची, पेढा निघाला तर मुलगा. निरोप आणणाऱ्या बाईनं हळूच असंही सांगितलं, की दोन्ही वाट्यांखाली पेढाच ठेवायचं तुमचं ठरलं आहे. तुमची माया मला कळते. म्हणूनच हे पत्र लिहायला मी तीन वेळा बसले आणि तीन वेळा उठले. (उठतानासुद्धा आता मला आधी कुशीवर वळावं लागतं, मग हातावर रेटून उठायचं. त्याचंही कारण तेच. धीर धरावा.)

झालं ते सगळं संक्रांतीला, तुम्ही इथं वालूरला आला होता तेव्हा झालं. मी सुगडं पुजायला बसले, पदर सरकला आणि तुमची नजर माझ्या पोटावर गेली. तुमचा चेहरा असा उजळला, की लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण तसा तो मी एकदाच पाहिला होता; चरायला गेलेलं रेडकू तीन दिवसांनी परत आलं तेव्हा. तुम्ही म्हणालात, "अगं बया, सहावा लागला की! अन् मला एका सबदानं बोलली न्हाईस?" मी तिथल्या तिथं बोलणार होते. पण माझ्या तोंडात त्या वेळी तुम्हीच केलेला तिळाचा लाडू होता. (लाडवाला नाव ठेवत नाही. पाक जरा पुढं गेला होता, एवढंच.) दाढा मोकळ्या होईपर्यंत तुम्ही हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत जाऊन "औंदा नातूच हाय बगा" असं सांगून मोकळ्या झाला होता. तुम्ही इतक्या आनंदात होता, की मग माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, रात्री सांगू. रात्री तुम्ही माझ्या पायाला तेल चोळायला बसलात. सासूनं सुनेचे पाय चोळायचे आणि सुनेनं वर तिला वाईट बातमी द्यायची, हे मला जमलं नाही. सकाळी तुमची बस होती.

तर आत्याबाई, आता ऐका. (काका, हे मनात वाचायचं नाही. हे मोठ्यानं वाचा. त्याआधी आत्याबाईंना पाणी द्या आणि मामंजींच्या हातातली चिलीम काढून घ्या.) मला दिवस गेलेले नाहीत. पुढंही जाणार नाहीत. धाकटी दोन महिन्यांची असताना मी आठ दिवस परभणीला ट्रेनिंगला गेले होते ना, ते ट्रेनिंग नव्हतं. तिथं मी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. यांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "आईला मी सांगतो, तू काळजी करू नकोस." त्याला आता तेरा महिने झाले. ते अजून चांगला मोका बघत आहेत.

मी नर्स आहे, आत्याबाई. दारोदार जाऊन बायकांना मी सांगायचं, की दोन झाली, बास झालं, मुलगी काय अन् मुलगा काय. आणि आपण मात्र दोन मुलींवर तिसऱ्याची वाट बघत बसायचं, म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. वर्षभर मी आख्ख्या वालूरला माझाच दाखला देत हिंडले. माझं झालंय, बघा, आठव्या दिवशी मी तुमच्या दारात उभी आहे, असं म्हणायचे. त्यामुळं संक्रांतीला तुम्ही नातवाचा पुकारा केलात तेव्हा गावानं जो हिशोब करायचा तो केला. नर्सबाईचं ऑपरेशन झालं, तरी नर्सबाईला सहावा! सरकारी इलाज सरकारी बाईलाच लागू पडेना, तो आपल्याला काय पडणार? शुक्रवार, वीस तारखेला सेलूला शिबिर आहे. माझ्याकडच्या आठ बायका तयार होत्या. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पाच फिरल्या. उरलेल्या तिघींपैकी दोघींनी मला चिंचा आणून दिल्या आणि माझी खणानारळानं ओटी भरून गेल्या.

चिंचांचं काय विचारता! कवठं, बोरं, कच्च्या कैऱ्यांचं मागच्या सालचं लोणचं, कोणी भाजलेली माती सुद्धा. मी दिवस गेलेले नाहीत म्हणून सांगायचे, तर बायका हसून म्हणायच्या, नजर लागू नये म्हणून असंच म्हणावं लागतं, आमीबी म्हनायचो. एवढं आंबट फेकवेना आणि ठेववेना. शेवटी यांनी खायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत यांचे दात आंबले, छातीत जळजळ सुरू झाली आणि सकाळी मळमळायला लागलं. ती बातमीही गावात पोचली.

आता तुम्ही म्हणाल, दिवस नाहीत तर मग पोट कशाचं? रास्त प्रश्न आहे. मलाही तोच पडला होता, आणि लाज वाटते सांगायला, नर्स असून मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. धाकटी पोटात असताना पोट कसं झालं होतं ते तुम्हाला आठवतं. जन्मतःच नऊ पौंडांची धोंड ती. बाळंत झाले, पोट खाली बसेल म्हणून वाट बघितली. ते बसेना. सकाळी जरा बरं असायचं, जेवलं की संध्याकाळपर्यंत सहावा महिना. कंबर दुखायची. उताणी झोपून मान उचलली की पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून बेंबीखालपर्यंत एक उभा उंचवटा यायचा, फुगल्या भाकरीसारखा. तुम्ही बाळंतपणात पोट बांधायला जुनं लुगडं घेऊन आला होता. मी म्हणाले होते, ही जुनी समजूत आहे, पुस्तकात असं काही नाही. तुम्ही लुगडं घडी करून परत पिशवीत ठेवलंत. ते मला हल्ली रोज आठवतं.

आधी मी आमच्या घरच्या डॉक्टरांना विचारलं, म्हणजे तुमच्या चिरंजीवांना. ते शाळेत कवायत घेतात, त्यामुळं माणसाच्या शरीराबद्दल त्यांना काही विचारायचं बाकी नाही. ते म्हणाले, पोट सुटलंय, दुसरं काही नाही. उताणं झोपायचं, हात डोक्यामागं घ्यायचे आणि ताडकन उठून बसायचं, रोज पन्नास वेळा. आणि शाळेतली शिट्टी घरी आणली. महिनाभर आत्याबाई, पहाटे पाचला माझ्या घरात शिट्टी वाजत होती. पहिल्या शिट्टीला मी उठून बसायचे, दुसरीला आडवी व्हायचे, तिसरीला शेजारची पार्वतीबाई भिंतीवर मुसळ आपटायची. थोरली अंथरुणातूनच "साहेब हजर" म्हणायची. महिन्यानं पोट कमी झालं का? उलट वाढलं. यांनी शांतपणे विचार करून सांगितलं, की आता पन्नासचे शंभर करायला हवेत.

तेव्हा मी ते केलं, जे मी कुणाला सांगणार नव्हते. (काका, हे मनात वाचा. फार तर पुटपुटा.) आमच्याकडं कस्तुराबाई म्हणून पोट चोळणारी आहे. गावात कुणाची बेंबी सरकली की ती कणकेचा दिवा बेंबीवर ठेवते, पेटवते आणि वरून तांब्या पालथा घालते. दिवा विझतो, तांब्या पोटाला धरतो, मग ती तो ओढून काढते आणि म्हणते, आली जागेवर. या तांब्याविरुद्ध मी चार वर्षं भाषणं दिली आहेत. कस्तुराबाई आणि मी रस्त्यात समोरासमोर आलो, की दोघी दोन बाजूंना बघायचो. संक्रांत होऊन चार दिवस झाले आणि मी तिला मागच्या दारानं बोलावलं. ती बिचारी लगेच आली. फक्त आपला नेहमीचा तांब्या न आणता मोठा आणला. माझ्या मानासाठी असावा.

दिवा विझला, तांब्यानं धरलं, आणि असं धरलं की सोडीना. पोट मधून सैल, ते भसकन आत ओढलं गेलं. कस्तुराबाईनं ओढून पाहिलं, मी ओढून पाहिलं, मी खांबाला धरलं आणि तिनं पाय देऊन ओढलं. तिच्या आयुष्यात असं झालं नव्हतं म्हणे. ती तेल आणायला पळाली आणि तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. दारात धुरपताबाई आणि तिची सासू सुलाबाई. मी पोटावर तांब्या, वरून लुगडं, त्यावर पदर, अशी पाटावर बसले. तोंड हसरं ठेवलं. सुलाबाईची नजर काही हलेना. तिनं चार दिवसांपूर्वी सहावा ऐकला होता आणि आता डोळ्यांपुढं नववा बघत होती. एवढ्यावर निभावलं असतं. पण धाकटी हातात पळी घेऊन आली आणि तिनं आईच्या पोटावर ती मारली. ठण्ण असा आवाज झाला. धाकटीला मजा वाटली, तिनं आणखी दोनदा वाजवलं.

त्या दिवसापासून गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, नर्सबाईचं ऑपरेशन फेल झालं. दुसरा म्हणतो, ऑपरेशन ठीक आहे, पण त्यात सरकार पोटात काहीतरी पितळी बसवतं, अन् ते वाजतं. मी दारोदार जाऊन खरं सांगितलं, की बायांनो, तो तांब्या होता! एकीनंही विश्वास ठेवला नाही. चार वर्षं तांब्याला शिव्या देणारी नर्सबाई स्वतःच्या पोटावर तांब्या लावून घेईल, हे त्यांना पटेना. म्हणजे आत्याबाई, माझी अब्रूच माझ्या आड आली.

आता हसण्याचं जरा बाजूला ठेवते. धुरपताबाई तुम्ही पाहिली आहे. संक्रांतीला सगळ्यांच्या मागं उभी होती, बारीक, कडेवर पोर. तिला पाच लेकरं आहेत. पाचव्याच्या वेळी रक्त थांबेना, म्हणून मी तिला बैलगाडीत घालून सेलूला नेलं होतं. सगळी वाट तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती मला एकच विचारत होती, "बाई, मी गेले तर माझ्या लेकरायला कोन बघंल?" ती वाचली. पण सेलूच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की सहावं राहिलं तर हिची खात्री देता येत नाही. तिचा नवरा मुंजाजी चांगला आहे, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. दोन वर्षं मी त्या घराच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा सुलाबाई हो म्हणाली होती. त्या दिवशी त्या दोघी मला हेच सांगायला आल्या होत्या, की शुक्रवारच्या जीपमध्ये धुरपताची जागा धरा. पोटाचा आवाज ऐकून न सांगताच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सुलाबाईनं निरोप धाडला, की आमी येत न्हाई. पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर. तोवर काय होईल ते मी कशाला लिहू? मला झोप लागत नाही, आत्याबाई.

तांब्या निघाला शेवटी, खोबरेल तेलानं आणि कस्तुराबाईच्या नखानं. पोटावर गोल निळा वण उठला आणि मग मात्र मी शहाणी होऊन परभणी गाठली. सेलूहून सकाळची गाडी धरली. त्या दिवशी परभणीत नामांतराचा मोर्चा होता, टांगा मिळेना, तेव्हा पोट सावरत चालत गेले. रस्त्यात एका कार्यकर्त्या बाईनं मला 'या अवस्थेत' उन्हात फिरू नका म्हणून सावलीत बसवलं आणि पाणी पाजलं. मी तिला काही सांगितलं नाही. सगळ्या जिल्ह्याला कुठं सांगत बसू?

डॉक्टरीणबाईंनी मला उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले, मान जराशी उचल म्हणाल्या आणि पोटाच्या मधोमध बोटं रोवली. साडेतीन बोटं आत गेली. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला सांगते. पोटावर डावीउजवीकडं मांसाचे दोन उभे पट्टे असतात, छातीपासून थेट खालपर्यंत, आणि मधे एक शिवण असते. पोर मोठं असलं की पट्टे बाजूला सरतात आणि शिवण ताणून पातळ होते. गोधडीचे दोन पदर मधल्या टाक्यापाशी उसवावेत तसं. पुष्कळ बायांचं आपोआप जवळ येतं, काहींचं येत नाही. ही चरबी नव्हे, वायू नव्हे, बेंबी सरकणं नव्हे आणि दिवस तर नव्हेतच. मी भीत भीत विचारलं, कापावं लागेल का? त्या म्हणाल्या, आत्ता मुळीच नाही, आधी व्यायाम. मग त्यांनी विचारलं, आजवर काय केलंस? मी शिट्टीचं सांगितलं. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, ताडकन उठून बसण्यानं तर शिवण आणखी फाकते. तांब्याचा वण त्यांनी बघितला, पण विचारलं नाही. चांगल्या घरच्या आहेत.

इलाज असा. गुडघे वर घेऊन उताणं पडायचं. कमरेखालून एक लांब मऊ कापड घ्यायचं, त्याची टोकं पोटावर उलटसुलट धरून दोन्ही बाजू मधे ओढायच्या. श्वास सोडायचा, बेंबी आत घ्यायची आणि फक्त डोकं उचलायचं, खांदे नाही. मनात पाच म्हणायचं, खाली ठेवायचं. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. भरली घागर उचलायची नाही. उठताना कुशीवर वळायचं. दिवसा काही आठवडे पोटाला पट्टा, फार करकचून नाही. घाई नको, सहा महिने लागतील, आणि पूर्ण मिटलं नाही तरी बळ येईल. मी विचारलं, कापड कसलं? त्या म्हणाल्या, सगळ्यात उत्तम म्हणजे जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. आत्याबाई, तुम्ही चारठाण्यात होता, पण मला तुमच्याकडं बघवेना. (नुसतं बांधून भागत नाही, व्यायामच करावा लागतो, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे अर्धी बाजू तुमची, अर्धी पुस्तकाची. पण मोठी अर्धी तुमची.)

आता घरात शिट्टी बंद आहे. यांना वाईट वाटलं, म्हणून मोजायचं काम त्यांच्याकडं दिलं आहे. दर रविवारी ते बोटं लावून बघतात. पहिल्या रविवारी चार बोटं भरली आणि मी रडायला बसले. मग लक्षात आलं, की डॉक्टरीणबाईंची बोटं जाड आणि मास्तरांची खडूसारखी. तेव्हापासून मीच माझ्या बोटांनी मोजते. तीन आठवडे झाले, अर्ध्या बोटाचा फरक आहे. अर्धं बोट म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटेल. मला त्या दिवशी पुरणपोळी करावीशी वाटली. पाणी हेच भरतात. नर्सबाईचा नवरा घागर घेऊन जातो म्हणजे सातवा नक्की, असं आता पहिला पक्ष म्हणतो.

तेव्हा गुरुवारचा बेत रद्द करावा, कासाराला नको म्हणून सांगावं आणि अकरा बायकांना माझा नमस्कार कळवावा. तुम्हाला आधी सांगितलं नाही ही माझी चूक, त्याबद्दल भेटेन तेव्हा चार शब्द बोला, मी ऐकून घेईन. ओटी भरून घ्यायला मी पाटावर बसले, तर ते तुमच्याशी खोटं वागणं होईल, आणि ते मी आधीच पुष्कळ वागले आहे. मामंजींना गुडघ्याचं सांगावं. नातींचे पापे.

तुमची,
सून रुख्मिणी

ता. क. यांनी आत्ता हे पत्र वाचलं. म्हणाले, "आईला मी सांगणारच होतो."

ता. क. दुसरा. येऊ नका असं वर लिहिलं आहे, ते वाचून सोडून द्यावं. गुरुवारी याच. ओटीचं सामान न घेता या. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद मी सुलाबाईला दाखवला. तिनं तो उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "कागद कुनीबी लिवतंय, बाई. तुमच्या सासूनं येऊन सांगितलं तर मी मानीन. सुनंच्या पोटाबद्दल सासू कामून खोटं बोलंल?" तिचं खरं आहे. या गावाला माझ्या पोटाची खात्री देऊ शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते चारठाण्यात आहे. तुम्ही तिच्या ओट्यावर बसा, तिच्या हातचा चहा घ्या आणि एवढंच म्हणा, की माझ्या सुनेला काही नाही, तिचं ऑपरेशन पक्कं आहे, तुमच्या सुनेला जाऊ द्या. शुक्रवारी सकाळी सात वाजता जीप येते. सगळं पत्र मी खरं तर यासाठी लिहिलं. अकरा बायका आल्या तरी चालतील. अकरा तोंडं कामाला येतील.

ता. क. तिसरा. (काका, हे खरंच मनात वाचा, आणि मग गल्लीतली माणसं उठून गेली की आत्याबाईंना हळू सांगा.) दुसऱ्याच्या ओट्यावर बसून नातू होणार नाही असं सांगणं सोपं नाही, ते मला कळतं. तिथं तुम्ही धीरानं बोलाल. मग माझ्या घरी या, दार लावून घेऊ, आणि तुम्हाला जे वाटतं ते माझ्याजवळ सगळं बोला. मी एकदाही दोन झाली, बास झालं असं म्हणणार नाही. त्या वेळी मी नर्सबाई नाही, तुमची सून. मात्र पाचच्या सुमाराला माझा व्यायाम असतो. तेव्हा तुम्ही शेजारी बसून रडलात तरी चालेल, मी श्वास सोडत ऐकेन. पण हसवू नका. हसलं की लुगड्याची टोकं हातातून सटकतात आणि पाचाच्या जागी कितीही मोजलं जातं.